इप्सविचच्या लेसपासून सुरुवात करा

अमेरिकेतील जुन्या बॉबिन लेसचा (बॉबिन म्हणजे छोट्या दांड्यांवर गुंडाळलेले धागे एकमेकांत गुंफून हाताने विणलेल्या जाळीदार पट्टीचा) इतिहास अभ्यासायचा असेल, तर सगळा देश पालथा घालण्याऐवजी मॅसॅच्युसेट्समधील इप्सविच या एकाच बंदराच्या गावावर लक्ष केंद्रित करावे, असे मी सुचवेन. 1789-90 या एका वर्षात तेथील सुमारे सहाशे स्त्रिया व मुलींनी मिळून 41,979 यार्ड लेस विणली. ही माहिती, लेसच्या नमुन्यांसह, अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्याकडे गेली आणि ते तुकडे आजही वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेले आहेत.

त्यांतील काळ्या रेशमी तुकड्यांची छायाचित्रे मोठी करून पाहा आणि नक्षीकडे वळण्याआधी जाळीत प्रत्येक धागा कोठून येतो व कोठे जातो, हे बोटाने माग काढत समजून घ्या.

त्याहून उत्तम म्हणजे स्वतः विणून पाहणे. घट्ट भरलेल्या लोडावर टाचण्यांच्या जागी भोके टोचलेला कागदी नमुना बसवावा, बॉबिनच्या दोन जोड्या घ्याव्यात आणि धागे एकमेकांवरून नेणे व त्यांना पीळ देणे, या दोनच हालचाली टाचण्यांच्या आधाराने हातात बसेपर्यंत कराव्यात. (रेशीम निसटते, म्हणून पहिले काही आठवडे सुतीच धागा बरा.) एक इंच पट्टी विणायला किती वेळ लागतो हे अनुभवले, की यंत्राची जाळी स्वस्त होताच 1820च्या दशकात हा घरगुती धंदा का बसला, हे वेगळे सांगावे लागत नाही.