दोन स्टार दिसले की लेफ्टनंट, असं नसतं

प्रश्न: आमच्या पणजोबांचा युनिफॉर्ममधला एकच फोटो आहे, स्कॅन करून पाठवतेय. डोक्याला फेटा, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, खांद्यावर दोन स्टार, छातीवर तीन रिबिनी. घरात सगळे म्हणतात की ते पहिल्या महायुद्धात बसऱ्याला (आत्ताच्या इराकमध्ये) होते आणि लेफ्टनंट होते. मागे काहीच लिहिलेलं नाही. खरं काय ते कळेल का?

उत्तर: ताई, आधी लेफ्टनंटचं मिटवून टाकू, कारण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत पणजोबांना घरच्या घरी बढती मिळालेली असते. लढाऊ पलटणींत हिंदी माणसाला किंग्ज कमिशन, म्हणजे लेफ्टनंट वगैरे होण्यासाठी लागणारी इंग्रज अफसरांच्या बरोबरीची नेमणूक, मिळायला सुरुवात झाली तीच १९१७ मध्ये आणि तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांना. फेटा आणि दोन स्टार म्हणजे सुभेदार. एक स्टार असता तर जमादार आणि मुकुट असता तर सुभेदार मेजर. (हा जमादार म्हणजे आत्ताचा नायब सुभेदार, नाव १९६५ला बदललं, त्यामुळे जुन्या कागदांवर जमादार वाचून कुणी नाक मुरडू नये.) आणि सुभेदार हे काही कमी नाही हां, शिपाई म्हणून भरती होऊन तिथवर पोचायला अख्खं आयुष्य जायचं, माझ्या मते तर ते लेफ्टनंटपेक्षा भारी आहे.

आता रिबिनी, प्रत्येक रिबिन म्हणजे एक मेडल. फोटो ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून लोक करड्या छटा बघून रंग ठरवतात आणि तिथेच फसतात, कारण त्या काळच्या बहुतेक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही, लाल येतो काळाकुट्ट आणि निळा येतो चक्क पांढरट. तुमचा स्कॅन झूम करून पाहिला तर पहिली रिबिन एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट आहे, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नाहीत. लाल-पांढरी-निळी अशी ही '१९१४-१५ स्टार' नावाच्या मेडलची. मधली, रुंद गडद पट्टा आणि कडेला बारीक रेघा असलेली, ब्रिटिश वॉर मेडलची, तो पट्टा मुळात नारिंगी असतो. तिसरी मधे काळी आणि कडेला विरत गेलेली, ती व्हिक्टरी मेडलची, दोन इंद्रधनुष्यं लाल बाजूने चिकटवल्यासारखी. पहिली रिबिन आहे म्हणजे ते १९१५ संपायच्या आतच परदेशात आघाडीवर पोचले होते, त्यामुळे बसऱ्याची गोष्ट अगदीच हवेतली नाही, कारण हिंदी सैन्य तिकडे नोव्हेंबर १९१४ मध्येच उतरलं होतं.

पण मला खरी मजा आली ती खांद्याच्या पट्टीवर. खाली पितळी अक्षरं असतात, त्याला शोल्डर टायटल म्हणतात, आणि चेहरा-मेडल सोडून सगळ्यात आधी तिथेच बघावं. तिथे पलटणीचा नंबर असतो, तुमच्या फोटोत त्यातलं '११' स्पष्ट दिसतंय आणि पुढचा आकडा पट्ट्याखाली गेलाय, नेमका! ११०, ११४, ११६, ११७ या सगळ्या मराठा पलटणी. १११ म्हणजे महार, पण ती पलटण उभी राहिली १९१७ला, आणि पणजोबा तर १९१५ मध्येच बाहेर होते, बदली होऊन तिकडे गेले असतील तर गोष्ट वेगळी. ११० आणि ११७ या दोन्ही बसऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या होत्या, जो २९ एप्रिल १९१६ला शरणागतीने संपला. यातली नेमकी कुठली हे फोटो सांगणार नाही, उगाच कुतचे कैदी म्हणून लिहून टाकू नका.

फोटोचा काळ मात्र छान पकडता येतो. व्हिक्टरी मेडलची रिबिन १९१९च्या आधी लावणं शक्यच नाही, आणि हे तीन आकडी नंबर १९२२च्या फेररचनेत गेले, मराठा पलटणींची मिळून ५वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. म्हणजे फोटो त्या तीन-चार वर्षांतला, लढाई संपल्यावर घरी आल्यावर काढलेला.

आता एकच काम करा, मेडलं कुणाच्या ट्रंकेत आहेत का बघा. स्टारच्या मागे आणि बाकी दोन्हींच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. वॉर मेडल चांदीचं, त्यामुळे बऱ्याच घरांत ते वितळवलेलं असतं, पण स्टार ब्राँझचा म्हणून वाचतो. सापडला तर घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं जातात.

प्रश्न: वडील नेव्हीत होते. टोपीच्या रिबिनीवर फक्त 'एच.एम.आय.एस.' आहे, जहाजाचं नाव नाही. बाहीवर दोन झेंडे एकमेकांवर आडवे. मुंबईच्या 'तलवार' या नेव्हीच्या तळावरच्या १९४६च्या बंडात होते का ते?

उत्तर: दादा, घाई नको. एच.एम.आय.एस. म्हणजे हिज मॅजेस्टीज इंडियन शिप, म्हणजे फोटो २६ जानेवारी १९५०च्या आधीचा, त्यानंतर आयएनएस झालं. युद्धाच्या काळात जहाजाचं नाव मुद्दाम टोपीवर लिहायचे नाहीत, बंदरात कुणी वाचलं तर कुठलं जहाज आलंय ते कळेल म्हणून. झेंडे म्हणजे सिग्नलवाले, आणि मुंबईची तलवार ही सिग्नलचीच शाळा होती, तिथेच १८ फेब्रुवारी १९४६ला बंड सुरू झालं हेही खरं. पण तिथून शिकून गेलेले सिग्नलवाले कितीतरी, त्या दिवशी वडील कुठे होते हे फक्त त्यांचं सर्व्हिस पेपर सांगेल. डिस्चार्जचा कागद शोधा.

प्रश्न: आजोबांच्या छातीवर मेडलं उजव्या बाजूला आहेत, असं का?

उत्तर: आधी कोटाची बटणं बघा. पुरुषांच्या कोटात डावी बाजू उजवीवर येते, फोटोत उलटं दिसत असेल तर निगेटिव्ह उलटी छापली गेलीय, टोपीवरची अक्षरंही उलटी असतील. बटणं बरोबर असतील तर मेडलं त्यांची नाहीत, वडिलांची किंवा भावाची आहेत, घरच्या माणसाने दुसऱ्याची मेडलं उजवीकडे लावायची असतात. म्हणजे तुम्हाला शोधायचाय तो माणूस बहुतेक या फोटोत नाहीचये.