'एकसंघ', 'एकसंध' आणि जपानचा 2019चा स्क्रम

प्रश्न असा आला आहे : "2019च्या रग्बी विश्वचषकात जपानच्या संघाचं घोषवाक्य होतं 'वन टीम'. त्यावर लिहिताना मी 'एकसंघ जपान' असं शीर्षक दिलं. मित्र म्हणतो, 'एकसंघ' असा शब्दच नाही, 'एकसंध' हवं. बरोबर कोण? आणि जाता जाता 'स्क्रम'ला, म्हणजे रग्बीत दोन्ही बाजूंचे गडी डोकी खाली घालून चेंडूसाठी एकमेकांना रेटतात त्याला, मराठी शब्द सांगा."

दोघंही चुकलात. मित्र शब्दात बरोबर आहे, अर्थाच्या बाबतीत चुकलाय. तुम्ही शब्दात चुकलात, पण बरोबर उत्तराच्या एका मोकळ्या जागेइतके जवळ होतात. ते कसं, ते सांगतो. आधी 'एकसंघ'चा समाचार घेऊ द्या, कारण गेल्या पंधरा दिवसांत तो मी तीनदा ऐकला : एका सत्कारात, एका वाहिनीच्या बातम्यांत आणि आमच्या सोसायटीच्या सभेत. "आपण एकसंघ राहिलं पाहिजे." राहा हो, पण एकसंध राहा.

ही चूक कानाची नाही, डोळ्याची आहे, असं माझं ठाम मत आहे. 'घ'ची शिरोरेषा अखंड असते, 'ध'ची डावीकडे तुटून गाठ घेते. बारीक छपाईत ती गाठ बुजली की 'ध'चा 'घ' होतो. वाचणाऱ्याच्या डोक्यात 'संघ' आधीच असतो, त्यामुळे शंकाही येत नाही. काही जाणकार यावर 'एक आहे संघ ज्यांचा ते एकसंघ' असा बहुव्रीही काढून दाखवतात. व्याकरणात तो बसतो, पण बोलणाऱ्याला तो अर्थ कुठे हवा असतो? 'एकसंघ महाराष्ट्र' म्हणणाऱ्याला अखंड, न तुटलेला महाराष्ट्र म्हणायचं असतं, आणि तो अर्थ 'संध'चा आहे. चूक झाल्यावर तिला समास शोधून देणं म्हणजे शब्दशास्त्र नव्हे.

'संध'मध्ये सम् + धा आहे, म्हणजे एकत्र ठेवणं, जोडणं. संधी, संधान, आपला सांधा आणि सांधणे ही सगळी त्याच घरातली. एकसंध म्हणजे ज्यात वेगळे तुकडे जाणवत नाहीत असं. वेरूळचं कैलास एकसंध आहे. वरून खाली एकाच खडकात कोरत आणलेलं, त्यात दगडावर दगड चढवलेलाच नाही.

आता तुमच्या मित्राला विचारा, 2019चा जपानी संघ असा होता का? 31 जणांत जवळजवळ निम्मे जपानबाहेर जन्मलेले. कर्णधार मायकेल लीच क्राइस्टचर्चचा, पंधराव्या वर्षी साप्पोरोच्या शाळेत शिकायला आला आणि तिथलाच झाला. प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या फळीतला गडी, कू जी-वॉन कोरियात जन्मलेला. लापीस लाबुस्काख्ने दक्षिण आफ्रिकेचा. 'वन टीम' हे वाक्य संघाला देणारा प्रशिक्षक जेमी जोसेफ स्वतः आधी न्यूझीलंडकडून आणि नंतर जपानकडून खेळलेला. या संघात सांधे जागोजागी दिसत होते, आणि त्या दिसण्याचाच जपानला अभिमान होता. त्यांना 'एकसंध' म्हणणं म्हणजे त्यांनी जे कष्टाने जमवलं तेच पुसून टाकणं.

आणि इथे 'संघ' हा शब्द येतो, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय.

संघ म्हणजे सम् + हन्. हन् म्हणजे मारणं, आदळणं. हत्या, घात, आघात यांच्यातलाच तो हन्. 'ह'चा 'घ' होऊन 'संघ' हे रूप कसं तयार होतं, ते सांगायला पाणिनीने सूत्र दिलं आहे : 'संघोद्घौ गणप्रशंसयोः'. गण, म्हणजे समूह, असा अर्थ असेल तर 'संघ'. 'संग'चाच पुढे 'संघ' झाला असं जे अधूनमधून छापून येतं, ते साफ चूक आहे. 'संग' सञ्ज् धातूचा, चिकटण्याचा, आसक्ती तिथली. संघात कोणी कोणाला चिकटलेलं नाही. संघ आदळून घट्ट झालेला आहे. त्याच हन्‌पासून 'घन' म्हणजे भरीव, दाट, आणि त्याचाच मराठी 'घण', लोहाराचा. लालबुंद तापलेले लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून घण घालत राहिलं की ते एक होतात. माझ्या मनात 'संघ'चं चित्र हे असं आहे : ऐरणीवरचं.

हे चित्र मला प्रत्यक्ष दिसलं ते 28 सप्टेंबर 2019च्या सामन्यात. शिझुओकाचं एकोपा मैदान, समोर आयर्लंड. स्पर्धा सुरू झाली तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिला असलेला संघ. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी असतात. पुढच्या फळीत तिघं, मधे हूकर आणि दोन्हीकडे प्रॉप. त्यांच्यामागच्या दोघांनी आपली डोकी पुढच्यांच्या कमरांमधल्या फटीत घुसवलेली, कानाला कान घासतोय, मुठीत शेजाऱ्याची जर्सी आवळून धरलेली. पंच तीन हुकूम देतो : 'क्राउच', 'बाइंड', 'सेट'. वाका, धरा, भिडा. 'बाइंड'ला सांधा होतो आणि 'सेट'ला घात. म्हणजे सम् + धा आणि सम् + हन् दोन-तीन सेकंदांत एकामागून एक! स्क्रमचा प्रशिक्षक हासेगावा शिन याने तीन वर्षं एकच गोष्ट घोटून घेतली होती. रेटा तिघांचा नाही, आठांचा हवा. पाय कुठे, गुडघा किती वाकलेला, पकड कुठल्या जागी, सगळं मोजून.

मध्यंतराच्या आधी एक स्क्रम झाला, त्यात चेंडू आत टाकायचा तो आयर्लंडने. इनागाकी केइता, होरिए शोता आणि कू पुढे होते. जपानी आठजण एकदम पुढे सरकले, आयर्लंडची फळी मोडली आणि पंचाने जपानला पेनल्टी दिली. कूने मुठी आवळून अशी डरकाळी फोडली की त्या विश्वचषकातली तेवढीच एक गोष्ट आठवायला सांगितली तर मी तीच सांगेन. सामना जपानने 19-12 असा जिंकला. फुकुओका केन्कीचा ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण, सगळे सांगतात. मी स्क्रमच सांगणार.

'स्क्रम' हा शब्द कुठला? आधी 'स्क्रमेज', त्याआधी 'स्क्रिमेज', आणि मुळात 'स्कर्मिश', म्हणजे आपल्या बातम्यांमधली 'चकमक'. मारामारीचा शब्द. तो जपानीत 'सुकुरामु' होऊन गेला आणि तिथे त्याला दुसराच अर्थ आला. 'सुकुरामु ओ कुमु', शब्दशः 'स्क्रम बांधणं', म्हणजे हातात हात गुंफून उभं राहणं. मोर्चेकरी, संपावरचे कामगार एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून साखळी करतात, ती 'सुकुरामु'. चकमकीपासून निघालेला शब्द एकजुटीला पोचला. हन्‌पासून संघ निघाला, तीच वाट! आणि मराठीत? भिडणे म्हणजे अंगावर जाणं, झुंजणं. आणि आपल्या बाजूने खेळणारा तो 'भिडू'. 'भिडू' हा 'भिडणे'चाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तीन भाषांनी आपापल्या घरी बसून हेच केलं आहे. सोबतीचा शब्द झुंजीतून घडवला. ज्याच्याशी अंग घासलं नाही तो सोबती कसला, असं या शब्दांना वाटत असावं.

जपानशी 'संघ'चं नातं मात्र रग्बीपेक्षा फार जुनं आहे. बौद्ध धर्माबरोबर हा शब्द चीनमार्गे तिथे गेला. चिनी लिपीत तो दोन अक्षरांत बसवला गेला, मग त्यातलं एकच उरलं, आणि जपानीत त्याचा उच्चार झाला 'सो'. राजपुत्र शोतोकूच्या नावावर असलेल्या 604 सालच्या सतरा कलमी संहितेत दुसरंच कलम त्रिरत्नांचं आहे : 'बुत्सु, हो, सो', बुद्ध, धर्म, संघ. आणि गंमत पाहा, पुढे 'सो' म्हणजे एकटा भिक्षू असाही अर्थ झाला. समूहाचं नाव एका माणसाच्या अंगावर येऊन बसलं.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानी डोंगरातल्या रानात रात्री एक आवाज येतो, 'बुप्-पो-सो'. बुद्ध, धर्म, संघ! शतकानुशतकं लोकांची समजूत होती की ती हाक एका निळ्या-हिरव्या देखण्या पक्ष्याची आहे, म्हणून त्याचं नावच 'बुप्पोसो' पडलं. 1935 साली होराइजी डोंगरावरून तो आवाज रेडिओवर थेट ऐकवला गेला आणि त्या सुमारास उलगडा झाला की हाक एका छोट्या घुबडाची आहे. नाव अजून त्या निळ्या पक्ष्याकडेच आहे. आपला 'संघ' तिथल्या पाखरांच्या नावात जाऊन बसला आहे, आणि आपण मात्र त्याचा 'संध' करतो आणि 'संध'चा 'संघ'.

2019कडे परत येतो. 12 ऑक्टोबरला हगिबिस वादळ आलं. त्या दिवशीचे न्यूझीलंड-इटली आणि इंग्लंड-फ्रान्स हे सामने रद्द करावे लागले. दुसऱ्या दिवशी योकोहामात, वादळातल्या मृतांसाठी स्तब्धता पाळून, जपानने स्कॉटलंडला 28-21 हरवलं आणि पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरी गाठली. पण त्याच दिवशी उत्तरेला कामाइशीत काय झालं, ते मला जास्त जवळचं वाटतं. कामाइशी हे पोलादाचं गाव, घणाचं गाव. तिथल्या पोलाद कारखान्याच्या रग्बी संघाने 1970च्या दशकाच्या शेवटापासून सलग सात वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं होतं. 2011च्या त्सुनामीत गावाचं अतोनात नुकसान झालं. शाळा वाहून गेल्या होत्या त्या जागेवर मैदान उभं राहिलं, आणि तिथे 13 तारखेला कॅनडा-नामिबिया सामना होता. वादळामुळे तोही रद्द झाला. तेव्हा कॅनडाचे खेळाडू हातात फावडी घेऊन गावातल्या रस्त्यांवरचा चिखल उपसायला गेले. समोर प्रतिस्पर्धी नाही, चेंडू नाही, तरी तो संघच.

आठवडाभराने जपान दक्षिण आफ्रिकेकडून 3-26 असा हरला. स्क्रमच्या खेळात त्या दिवशी आफ्रिका जड गेली. तरीही डिसेंबरमध्ये जपानमध्ये वर्षातला गाजलेला शब्द निवडतात, त्यात पहिला मान 'वन टीम'ला मिळाला. शेवटच्या तीस शब्दांत रग्बीचे आणखी होते : 'जॅकल', म्हणजे पडलेल्या गड्याकडून चेंडू हिसकावणं, 'निवाका फॅन', म्हणजे ऐन वेळी उगवलेला चाहता, आणि इनागाकीसाठी 'न हसणारा माणूस'.

आता शीर्षक. 'वन टीम' हे विशेषण नाही, नाम आहे. म्हणून 'एक संघ' लिहा, दोन शब्द, मधे जागा सोडून. तेवढी जागा तुम्ही खाल्लीत म्हणून मित्राला बोलायला मिळालं. मित्राने 'एकसंध' वेरूळसाठी राखून ठेवावा.

राहिला स्क्रम. 'झोंबी' कोणी सुचवेल, पण झोंबी दोघांची असते आणि तिच्यात शिस्त नसते. माझ्या मते शब्द आपल्या शेतात तयार आहे : जुंपणे. बैल औताला जुंपतात, तेव्हा मानेला मान लावून दोघांचा जोर एका ओढीत आणतात. आणि दोघांचं वाजलं की आपण म्हणतो, "जुंपली!" बांधणं आणि भिडणं एकाच क्रियापदात. जपानी 'सुकुरामु'ने इतकी वर्षं घेऊन जे केलं, ते आपल्याकडे आधीपासून आहे. म्हणून 'जुंपणी'. उदाहरणार्थ, शिझुओकाचं समालोचन मराठीत असतं तर : "जुंपणी आयर्लंडची. वाका, धरा, भिडा... आणि रेटलं! जपानने रेटलं!"