परक्या कंपनीचं हौसिंग आपल्या जुन्या गाडीला: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरं

जुन्या गाडीचं मागचं हौसिंग गेलं, तर दुसऱ्या कंपनीचं बसवावं का? सातारा-सांगली भागातून हा प्रश्न इतक्यांदा आलाय की या वेळी सगळी उत्तरं एकत्रच देतो. हौसिंग म्हणजे इथे मागचा अख्खा एक्सल: नळ्या, क्राऊन-पिनियन (इंजिनची गती चाकांकडे वळवणारे दोन दातेरी गिअर), चाकांना फिरवणारे दोन्ही शाफ्ट आणि ब्रेकसकट.

प्रश्न (मिरज): 1979 ची पद्मिनी आहे. ओम्नीचं हौसिंग 'थेट बसतं' असं गॅरेजवाले म्हणतात. खरं का?

उत्तर: नाही. ओम्नीला 12 इंची चाक, पद्मिनीला 14 इंची. ओम्नीचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियन किती फेरे घेतं तो आकडा) आणि ब्रेक 796 सीसीच्या इंजिनाला आणि त्या लहान चाकाला धरून ठरवलेले आहेत. स्प्रिंगच्या पाट्यांमधलं अंतर, हबपासून हबपर्यंतची रुंदी, चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ, प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याची) फ्लँज म्हणजे जोडाची चकती, यांतलं काय काय मोजलं ते त्यांना विचारा. टेप न लावताच 'बसतं' म्हणत असतील, तर गाडी तिथे सोडू नका.

प्रश्न (कराड): मग प्रीमियर 118 एनईचं हौसिंग पद्मिनीला बसेल? कंपनी तर एकच आहे.

उत्तर: कंपनी एक, गाडी वेगळी. 118 एनईला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, पद्मिनीला पाटे. म्हणून तेही थेट बसत नाही.

प्रश्न (वाई): भंगारातून हौसिंग घेतोय. विकणारा रेशो 3.9 सांगतो. खात्री कशी करायची?

उत्तर: खडू घेऊन जा. पिनियनच्या फ्लँजवर एक रेघ मारा, तिच्यासमोर हौसिंगवर दुसरी. एका बाजूचा हब घट्ट बांधा आणि दुसऱ्या बाजूचा बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात फ्लँज जितके फेरे घेईल तो रेशो. चार फेऱ्यांना किंचित कमी भरले तर 3.9 च्या आसपास. दोन फेरे अशासाठी, की एक बाजू थांबली की क्राऊन दुसऱ्या बाजूच्या निम्म्या वेगाने फिरतं. विकणारा हे करू देत नसेल तर परत या.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, हेही लक्षात ठेवा. 4.3 च्या जागी 3.9 बसवलं आणि चाक तेच ठेवलं, तर काटा 60 वर असताना गाडी 66 ने पळत असेल. मीटर जुळवून घेतल्याशिवाय हायवेला जाऊ नका.

प्रश्न (सातारा): 1975 ची अॅम्बेसेडर आहे. जीपचं हौसिंग मापात कापून, शाफ्टही कापून वेल्ड करून देतो, वर आयुष्यभराची गॅरंटी, असं एकजण म्हणतो. महाबळेश्वरला येणं-जाणं असतं. करू का?

उत्तर: करू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण या एका कामाची मला मनापासून भीती वाटते.

नळी कापून जोडणं एक वेळ जमतं. त्यासाठी जिग (नळ्या जागेवर पकडून ठेवणारा साचा) लागतो, आरपार सरळ दांडा घालून नळ्या एका रेषेत आणाव्या लागतात आणि वेल्ड गार झाल्यावर पुन्हा तपासावं लागतं. शाफ्टचं तसं नाही. शाफ्टला पाणी दिलेलं असतं, म्हणजे तापवून आणि गार करून तो कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळचं पाणी उतरतं, कुठे पोलाद मऊ पडतं, कुठे ठिसूळ होतं. मग लेथवर जोड घासून वरून रंग मारला की शाफ्ट नव्यासारखा दिसतो. गॅरंटी त्या रंगाची असते.

काही वर्षांपूर्वी पसरणी घाटातून ओढून आणलेली एक गाडी मी स्वतः उघडली. शाफ्ट जोडावरच तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा तीन चतुर्थांश भाग काळपट आणि गुळगुळीत होता, उरलेला ताजा, साखरेच्या दाण्यासारखा. म्हणजे तडा कित्येक दिवस आत सरकत होता आणि शेवटी पाव भागावर गाडी चालत होती. आतली माणसं वाचली, कारण गाडी डोंगराच्या बाजूला होती.

सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये चाकाचा भार शाफ्टवरच असतो. तो तुटला की चाक एकाच बेअरिंगवर लटकतं आणि ड्रमसकट बाहेर येऊ शकतं. ड्रम निघाला की ब्रेकचा पिस्टन सुटतो आणि तेल सांडतं. ब्रेकची लाईन एकच असलेल्या जुन्या गाडीत मग पायाखालचा अख्खा ब्रेक जातो. शाफ्ट तुटताच इंजिनचा रोधही संपतो, दुसऱ्या गिअरमध्ये उतरत असलात तरी. घाटात हे सगळं एका क्षणात होतं.

शिवाय तुम्हाला याची गरजच काय? अॅम्बेसेडर 2014 पर्यंत बनत होती, तिचं मूळ हौसिंग शोधलं तर मिळतं. अगदीच नाही मिळालं, तर योग्य पोलादाचा एकसंध शाफ्ट करून घ्या, पाणी दिल्याचा आणि कडकपणा तपासल्याचा कागद मागा. पिनियनचा कोन आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा मेळ जाणकार ऑटोमोबाईल इंजिनिअरकडून तपासून घ्या. मागचा ब्रेक जास्त धरला तर ओल्या रस्त्यावर गाडी गिरकी घेते.

प्रश्न (सातारा): हौसिंग बदललं तर आरटीओची अडचण येते का? 1968 ची फियाट 1100 व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे.

उत्तर: येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा फेरफार करता येत नाही. बेकायदा फेरफाराला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 2021 च्या व्हिंटेज नियमांत गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल चालत नाही. परक्या हौसिंगसाठी बॉडीला नवे ब्रॅकेट वेल्ड केलेत तर तिथेच अडाल. कापाकापीच्या आधी एमएच 11 च्या कार्यालयात लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. एजंटाच्या तोंडी 'होऊन जाईल'वर जाऊ नका.

प्रश्न (तासगाव): सहा महिन्यांपासून मागच्या चाकातून तेल गळतंय. दुसरं हौसिंग मिळेपर्यंत चालवू का?

उत्तर: नाही. सहा महिने! ते तेल ब्रेक शूवर जातंय. आज गाडी उभी करा, सील आणि बेअरिंग बघून घ्या, भिजलेले शू दोन्ही बाजूंचे बदला. बहुतेक वेळा हौसिंग बदलावंच लागत नाही.

प्रश्न (विटा): हौसिंगमध्ये तेल कोणतं?

उत्तर: हायपॉइड (पिनियन क्राऊनच्या मध्यापासून जरा बाजूला बसवलेलं) क्राऊन-पिनियन असेल तर जीएल-5 दर्जाचं 90 नंबर. तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका, आतल्या पितळी रिंगांना ते बाधू शकतं. तिथे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला.