डिस्क गेली, दोष कंपनीचा की जागेचा?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. एकाच मॉडेलच्या, डेस्कटॉपसाठीच्या तीन हार्ड डिस्क घेतल्या. दोन जॅकार्ड डिझाइनच्या कॉम्प्युटरमध्ये बसवल्या, एक आठ कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमध्ये. डीव्हीआरमधली दीड वर्षात गेली. तसलीच दुसरी बसवली, तीही गेली. कॉम्प्युटरमधल्या दोन अजून चालतात. दुकानदार म्हणतो, कंपनीच बेकार. कोणती घ्यावी?
– एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : कंपनीच बेकार असती, तर कॉम्प्युटरमधल्या दोन अजून कशा चालल्या? गेलेल्या दोन्हींत सारखी गोष्ट आहे ती डीव्हीआर.

हिशेब करा. कॅमेऱ्यामागे सेकंदाला ४ मेगाबिट धरले तर आठांचे ३२ मेगाबिट, म्हणजे ४ मेगाबाइट (आठ बिटांचा एक बाइट). दिवसाला सुमारे ३४५ जीबी, वर्षाला १२६ टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी). डेस्कटॉप डिस्कला कंपन्या साधारण वर्षाला ५५ टीबीचेच काम धरतात, तेही दिवसाचे काही तास. तुमची चोवीस तास राबत होती, दुपटीहून जास्त ओझ्याने. वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक ही मॉडेल्स कॅमेऱ्यांसाठीच असतात. चोवीस तास आणि वर्षाला १८० टीबी. यातली कोणतीही घ्या.

कंपनी बदलत राहायचे म्हटले, तरी आज हार्ड डिस्क बनवणाऱ्या मुख्य कंपन्या तीनच : या दोन आणि तोशिबा. डावे-उजवे असते ते मॉडेलमध्ये. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही लोकांचा डेटा ऑनलाइन साठवणारी कंपनी आपल्याकडच्या हजारो डिस्कचे आकडे जाहीर करते. त्यांत सीगेटचे ३ टीबीचे एक मॉडेल भराभर गेले, आणि त्याच कंपनीचे ४ टीबीचे मात्र चांगले टिकले. दोन-तीन डिस्कवरून नावावर फुली मारणे म्हणजे एका गाठीवरून अख्खी गिरणी वाईट ठरवण्यासारखे आहे.

नवी बसवण्याआधी डीव्हीआर कुठे ठेवला आहे ते बघा. पत्र्याखालच्या माळ्यावर असेल तर खाली आणा. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४२-४३ अंश असतात, आणि बंद पेटीतली डिस्क त्याहून बरीच तापते. सुताचे तंतू डिस्कच्या आत जात नाहीत, पण पंखा आणि जाळ्या बुजवतात. महिन्यातून एकदा, वीज बंद करून, ब्लोअर मारा. यूपीएस नसेल तर लावाच.

जुन्या डिस्क अजून दिसत असतील तर कॉम्प्युटरला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बघा. आकडे सुरुवातीला हेक्स (सोळाच्या) पद्धतीत दिसतात, ते आधी दशमान पद्धतीत आणा, नाहीतर घोटाळा होतो. ०५, सी५ आणि सी६ या ओळींत शून्याहून जास्त, आणि वाढत जाणारा आकडा दिसला, तर पृष्ठभाग खराब होतो आहे. फक्त सी७ वाढत असेल तर बहुधा साटा केबल (डिस्कला कॉम्प्युटरशी जोडणारी) खराब किंवा तिचे टोक सैल आहे. डिस्क फेकू नका, केबल बदला. सी७चा जुना आकडा खाली येत नाही, पुढे वाढतो का एवढेच पाहायचे.

प्रश्न : डिस्क चालू करताना टकटक आवाज येतो. आत कामाचा डेटा आहे. फ्रीजमध्ये ठेवून बघू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अजिबात नको. बाहेर काढल्यावर आत दव धरते. ताबडतोब बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करू नका. दर वेळी हेड (डेटा वाचणारे टोक) पृष्ठभाग खरवडू शकते. झाकणही उघडू नका. डेटा मोलाचा असेल तर क्लीनरूम (धूळमुक्त खोली) असलेल्या डेटा रिकव्हरी केंद्राकडेच द्या, आणि काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या.