लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येईल का?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये कोअर आय५-४२००यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. तो नुसता सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो. मित्राने त्याच्या आय५-४२००एमच्या जागी आय७ बसवून घेतला. माझ्यातही बसेल का?

उत्तर : नाही बसणार. दोन्ही प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचे, २०१३ सालचे. फरक शेवटच्या अक्षरात आहे. ‘एम’वाला सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेत, बसतो. हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढून सॉकेटचा स्क्रू फिरवला की प्रोसेसर हातात येतो. तुमचा ‘यू’वाला मात्र सोल्डरच्या हजाराहून जास्त बारीक गोळ्यांनी मदरबोर्डवर डकवलेला आहे. तो उतरवायला सोल्डर तापवून वितळवणारं बीजीए मशीन लागतं, आणि त्या उष्णतेत बोर्ड वाकला तर सगळाच लॅपटॉप गेला. (मित्राला एवढं विचारा : नवा आय७ ४७ वॉटचा आहे का? जुना ३७ वॉटचा होता. पंखा तोच असेल, तर तापल्यावर प्रोसेसर आपणहून वेग कमी करेल.)

बरं, कोणी हौसेने बदलून दिलाच, तर मिळणार काय? आय७-४५००यू. त्यातही कोअर (काम करणारे गाभे) दोनच, थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) चारच, उष्णतेची मर्यादा तीच १५ वॉटची. कमाल वेग २.६ वरून ३ गिगाहर्ट्झ. पाटीवर सात आला, बाकी घर तेच!

मला तर दुखणं प्रोसेसरचं वाटतच नाही. लॅपटॉप सुरू झाल्या झाल्या विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) निवांत दिसला, तर चोर सापडला. हार्ड डिस्क काढून २.५ इंची, साटा जोडणीची एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी वेगवान डिस्क) टाका. मग रॅम ८ जीबी करा. ती घेताना १.३५ व्होल्टची डीडीआर३एलच मागा, साधी डीडीआर३ नको. काही पातळ मॉडेलांत रॅमही सोल्डर केलेली असते, तेव्हा आधी झाकण उघडून स्लॉट बघा.

एक गोष्ट मात्र एसएसडीनेही होणार नाही. विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) ऑक्टोबर २०२५मध्ये संपला. बँकेचे व्यवहार याच लॅपटॉपवर करत असाल, तर नव्या एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून बघा. पेनड्राइव्हवरून आधी चालवूनही पाहता येतं.