अमेरिकेत मेडिकेड नक्की कुणाला मिळतं?
मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा; पण कमाई कमी म्हणजे तो मिळणारच, असं नाही. तुम्ही कोणत्या राज्यात राहता, यावर बरंच अवलंबून आहे. ज्या राज्यांनी योजनेची व्याप्ती वाढवली, तिथे ६५ वर्षांखालच्या प्रौढांना कुटुंबाचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत असलं तरी चालतं. टेक्सास, फ्लोरिडाने ती वाढवलीच नाही. तिथे मूलबाळ नसलेला धडधाकट माणूस कितीही गरीब असला तरी सहसा हात हलवत परत येतो, आणि हे मला अन्यायाचंच वाटतं. मुलं आणि गरोदर बायकांसाठी मर्यादा बरीच सैल. ग्रीन कार्डवाल्यांना बहुतेकदा ५ वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे नुकत्याच तिकडे नेलेल्या आईवडिलांसाठी यावर विसंबू नका. अर्ज मात्र वर्षभर कधीही करता येतो.