वाचकांच्या शंका : इंग्रजी क्रियापद, चार रूपं आणि बारा काळ

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. बारा काळांचा तक्ता, त्यात प्रत्येकाचं नकारार्थी आणि प्रश्नार्थी वाक्य, असं सगळं ती घोकते आणि दोन दिवसांत विसरते. सोपी पद्धत आहे का? (एक पालक, कराड)

उत्तर : छत्तीस वाक्यं घोकायला लावू नका. नियमित क्रियापदाची रूपं चारच असतात : प्ले, प्लेज, प्लेइंग, प्लेड. मराठीत 'खेळतो, खेळते, खेळलो, खेळलीस' असं लिंग-वचन-पुरुषानुसार क्रियापद बदलत जातं. इंग्रजीत ते काम बहुतांशी सहायक क्रियापदं ('इज', 'हॅज', 'विल' यांसारखी) करतात.

वहीच्या डोक्यावर ही चार रूपं लिहायला सांगा आणि कर्ता 'शी' घ्या. 'आय' घेऊन सराव केला की 'एस', 'इज', 'हॅज' यांचा सरावच होत नाही आणि परीक्षेत नेमकं तेच चुकतं. मग चार ओळी :

साधा : शी प्लेज, शी प्लेड, शी विल प्ले.
चालू : शी इज प्लेइंग, शी वॉज प्लेइंग, शी विल बी प्लेइंग.
पूर्ण : शी हॅज प्लेड, शी हॅड प्लेड, शी विल हॅव प्लेड.
चालू-पूर्ण : शी हॅज बीन प्लेइंग, शी हॅड बीन प्लेइंग, शी विल हॅव बीन प्लेइंग.

'विल'नंतर नेहमी मूळ रूप येतं, म्हणून कर्ता 'शी' असला तरी तिथे 'हॅव'च. 'विल हॅज' कधीच नाही.

नकार आणि प्रश्न वेगळे पाठ करायची गरज नाही. पहिल्या सहायकानंतर 'नॉट' घातला की नकार झाला, तोच सहायक कर्त्याच्या आधी नेला की प्रश्न. साधा वर्तमान आणि साधा भूत या दोन ठिकाणी सहायकच नसतो, म्हणून तिथे 'डू', 'डज', 'डिड' आणावे लागतात. 'शी डिडन्ट प्लेड' ही सर्वांत जास्त आढळणारी चूक इथेच होते. भूतकाळ 'डिड'ने दाखवून झालेला असतो, तो पुन्हा दाखवायचा नाही : 'शी डिडन्ट प्ले'. 'डज शी प्लेज' चूक ठरतं तेही याच कारणाने.

प्रश्न : 'वॉच'चं भूतकाळी रूप 'वॉचेड' म्हणावं की 'वॉच्ट'? (शिक्षिका, परभणी)

उत्तर : 'वॉच्ट'. इथे आपलं संधी शिकतानाचं ज्ञान थेट उपयोगी पडतं. शेवटचा आवाज कठोर असेल (क, च, प, फ, श, स) तर 'ईडी'चा उच्चार 'ट' होतो : आस्क्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. शेवट मृदू व्यंजनाने किंवा स्वराने होत असेल तर 'ड' : ओपन्ड, कॉल्ड, प्लेड. शेवटी मुळातच 'ट' किंवा 'ड' असेल तरच वेगळं अक्षर ऐकू येतं : वॉन्टिड, नीडिड. निर्णय आवाजावरून घ्यायचा, स्पेलिंगवरून नाही. 'लाफ'च्या स्पेलिंगमध्ये शेवटी 'जीएच' असलं तरी आवाज 'फ' आहे, म्हणून 'लाफ्ट'. 'विद्वान' या अर्थाचं विशेषण मात्र 'लर्निड' असंच उच्चारतात.

प्रश्न : 'स्टॉप्ड'मध्ये दोन 'पी', पण 'व्हिजिटेड'मध्ये एकच 'टी'. का? (दहावीचा विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : शब्दाच्या शेवटी एकच स्वर आणि त्यानंतर एकच व्यंजन असेल, आणि उच्चाराचा जोर शेवटच्या अक्षरावर असेल, तरच व्यंजन दुप्पट होतं. 'ॲडमिट', 'प्रिफर' यांत जोर शेवटी आहे, म्हणून दुप्पट. 'व्हिजिट', 'ओपन' यांत तो सुरुवातीला आहे, म्हणून एकेरी. 'ट्रॅव्हल' अपवाद : ब्रिटिश पद्धतीत दोन 'एल', अमेरिकी पद्धतीत एक. एकाच उत्तरपत्रिकेत दोन्हींची सरमिसळ करू नका. 'ट्राय', 'स्टडी' यांच्या 'वाय'चा 'आय' होतो, कारण त्याआधी व्यंजन आहे. 'प्ले', 'एन्जॉय'मध्ये आधी स्वर असल्याने तो टिकतो. 'आयएनजी' लावताना मात्र 'स्टडी'चा 'वाय'सुद्धा तसाच राहतो.

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये मी 'आय हॅड कॉल्ड यू यस्टर्डे' लिहितो. वरिष्ठ 'हॅड' खोडतात. 'मी काल फोन केला होता' याचं इंग्रजी हेच ना? (पुणे)

उत्तर : वरिष्ठांचं बरोबर आहे. चूक तुमच्या एकट्याची नाही. 'होता' म्हणजे 'हॅड' हे समीकरण शाळेपासून मनात बसलेलं असतं. मराठीतला 'केला होता' नुसती झालेली गोष्टही सांगतो. इंग्रजीतल्या 'हॅड'ला भूतकाळातला दुसरा एखादा क्षण लागतो, ज्याच्या आधी ही क्रिया झाली. 'व्हेन यू कॉल्ड, आय हॅड फिनिश्ड द रिपोर्ट' इथे तो शोभतो, कारण आधी रिपोर्ट संपला आणि मग फोन आला. असा दुसरा क्षण नसेल तर साधा भूतकाळ पुरतो : 'आय कॉल्ड यू यस्टर्डे'.

'आहे'चंही तसंच. 'मी काल अर्ज दाखल केला आहे' हे मराठीत चालतं, पण 'आय हॅव सबमिटेड इट यस्टर्डे' चालत नाही. संपलेली वेळ (काल, गेल्या आठवड्यात, 2019 मध्ये) वाक्यात आली की 'हॅव' निघून जातो. वेळ सांगायची नसेल तर 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म' अगदी योग्य.

उलट, 'मी दहा वर्षं इथे राहतो' हा मराठीत वर्तमानकाळ. इंग्रजीत मात्र 'आय हॅव लिव्ड हिअर फॉर टेन इयर्स'. आपलं 'पासून' दोन्हीकडे लागतं, म्हणून 'सिन्स टेन इयर्स' लिहिलं जातं. किती काळ हे सांगायचं तर 'फॉर', कधीपासून हे सांगायचं तर 'सिन्स' : 'फॉर टेन इयर्स', 'सिन्स 2015'.